क्रेडिटची बँक आणि इंजिनिअरिंगचे दार

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या गणपतीत आमच्या घरी पाहुणे जमले होते. आरती आटोपून मंडळी प्रसाद घेत बसली असताना मी मोबाईलवर डिजिलॉकर उघडून धाकट्या बहिणीला माझे ‘खाते’ दाखवीत होते. प्रथम वर्षाच्या दोन सत्रांचे मिळून ४४ क्रेडिट तेथे जमा झालेले दिसत होते. बाबा शेजारीच बसले होते. खोपोलीच्या एका कारखान्यात ते कंत्राटी कामगार आहेत. ‘खाते’ आणि ‘जमा’ हे शब्द कानी पडताच त्यांनी मान वळविली.

“किती जमलेत?”

“चव्वेचाळीस.”

“मंग ते भरून तुला विंजनेरिंगला जाता येल का?”

प्रश्न भाबडा होता, पण कोणी हसले नाही. कारण समोरच माझा मावसभाऊ बसला होता आणि त्याची हकीगत सर्वांना ठाऊक होती. त्याने बी.एस्सी.चे पहिले वर्ष पार पाडले होते. पुढे ‘प्रवेश मार्गदर्शन’ अशी पाटी लावलेल्या एका गृहस्थाने त्याला सांगितले की, नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता क्रेडिट कोठेही फिरविता येतात. तुझे पहिल्या वर्षाचे क्रेडिट दाखवून तुला थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात बसवितो. मावशीने बचत गटातून काढलेले पंधरा हजार रुपये त्या गृहस्थाला दिले. कागद तपासण्याची वेळ आली तेव्हा अर्जच अपात्र ठरला. तोवर बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा प्रवेश हुकला होता. पैसे तर गेलेच, वर्षही गेले.

बाबांच्या प्रश्नाचे धड उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही, याची मला लाज वाटली. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्यावाचून ते विचारणार तरी कोणाला? म्हणून पुढचे काही महिने मी परीक्षा विभागातील कारकूनसाहेबांना, ग्रंथपालांना, ओळखीतल्या एका पॉलिटेक्निकच्या शिक्षकांना विचारीत राहिले. प्रवेशाच्या माहितीपुस्तिका वाचल्या. त्यातून जे हाती लागले ते आपल्या महाविद्यालयातील मित्रमैत्रिणींपुढे ठेवीत आहे. कर्जत-खालापुरातल्या पुष्कळ घरांत हाच प्रश्न आज ना उद्या विचारला जाणार आहे.

प्रथम क्रेडिट म्हणजे काय ते पाहू. आपल्या गुणपत्रिकेवर विषयापुढे २ किंवा ४ असा जो आकडा असतो, तो आपल्या हुशारीचा नव्हे. तो वेळेचा आकडा आहे. वर्गातील साधारण पंधरा तासांच्या अध्यापनाला एक क्रेडिट, प्रात्यक्षिक असेल तर तीस तासांना एक. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे साठ तास. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालेल्या आराखड्यात एका सत्राला २२ क्रेडिट, वर्षाला ४४ आणि तीन वर्षांच्या पदवीला १३२ क्रेडिट असतात. यात मुख्य विषय आले, दुय्यम विषय आले, दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यावयाचे खुले ऐच्छिक विषय आले, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, इतकेच काय, राष्ट्रीय सेवा योजनेसारख्या उपक्रमांचेही क्रेडिट आले.

शिक्षण तासांत मोजण्याची ही पद्धत आपल्याकडची नव्हे. तिचा उगम मोठा गमतीचा आहे. अमेरिकेतील पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी याने प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर्स दिले. त्यासाठी नेमलेल्या प्रतिष्ठानाने १९०६ च्या सुमारास अट घातली की, ज्या कॉलेजांना या पैशाचा लाभ हवा असेल त्यांनी प्रवेश देताना विद्यार्थ्याने माध्यमिक शाळेत कोणता विषय किती तास शिकला याचे ठराविक माप वापरावे. पेन्शनच्या हिशेबातून निघालेले हे माप पुढे सगळ्या अमेरिकेने उचलले. युरोपात १९८९ साली, विद्यार्थी एका देशातून दुसऱ्या देशात शिकावयास जाऊ लागले तेव्हा, एका वर्षाला ६० क्रेडिट असे समान माप ठरविण्यात आले. आपल्याकडे २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्याला देशव्यापी रूप दिले आणि जुलै २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे नियम काढले. आपले जे बारा आकडी ओळखपत्र आहे ते याच बँकेच्या खात्याशी जोडलेले आहे.

‘बँक’ या शब्दाने बाबांची फसगत झाली, आणि मी म्हणते, त्यात त्यांची काही चूक नाही. बँकेतले शंभर रुपये खोपोलीत काढा की पुण्यात, शंभरच असतात. त्यातून भाताचे बियाणे घ्या नाहीतर वह्या घ्या, दुकानदार विचारत नाही की हे पैसे कशाचे कमावलेले. क्रेडिटचे तसे नाही. येथे दुकानदार पहिला प्रश्न तोच विचारतो.

या बँकेचे नियम थोडक्यात असे आहेत. खात्यात क्रेडिट आपण स्वतः भरू शकत नाही. ज्या संस्थेत शिकलो तीच भरते. जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य राहतात. एकदा ते वापरून पदवी अगर पदविका घेतली की ते खात्यातून वजा होतात, पुन्हा दुसऱ्या पदवीसाठी वापरता येत नाहीत. आणि जी संस्था पदवी देणार, तिच्याकडे निदान निम्मे क्रेडिट मिळवावे लागतात. बँक स्वतः कोणालाही प्रवेश देत नाही, पदवीही देत नाही. ती फक्त वही सांभाळते. कोणत्या अभ्यासक्रमाला कोणते क्रेडिट चालतील, हे प्रवेश देणारे विद्यापीठ आपल्या अभ्यासक्रमाशी ताडून ठरविते. जागा असली पाहिजे आणि प्रवेशाची मूळ पात्रताही असली पाहिजे, हे वेगळे सांगावयास नको.

रोजच्या प्रवासातले उदाहरण द्यायचे तर, आमच्यासारख्या केळवली-डोळवलीच्या मुली खोपोली लोकलने कर्जतला येतात. तो पास घेऊन कर्जतच्या फलाटावर कितीही वेळ उभे राहिले तरी पुण्याला जाणाऱ्या मेलमध्ये चढण्याचा हक्क मिळत नाही. गाडी त्याच स्टेशनात येते, घाटासाठी मागे इंजिने लावून घेते आणि आपल्या डोळ्यांदेखत निघून जाते. पास खोटा नसतो; तो त्या गाडीचा नसतो.

इंजिनिअरिंगची पदवी सर्वसाधारणपणे आठ सत्रांची व सुमारे १६० क्रेडिटची असते. माझ्या ४४ क्रेडिटचा आकडा पाहिला तर तिथले एक अख्खे वर्ष मला माफ व्हावे असे वाटेल. परंतु तिथल्या पहिल्या वर्षाचे क्रेडिट गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, मेकॅनिक्स, ड्रॉइंग, विजेची मूलतत्त्वे आणि वर्कशॉप यांचे असतात. माझे आहेत इतिहासाचे आणि मराठीचे. तास तेवढेच भरले, पण तासांत भरलेली वस्तू निराळी. शिवाय त्याही आधीचा अडथळा आहे. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घ्यावयाचा तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय असलेच पाहिजेत आणि सीईटी दिली पाहिजे. माझी बारावी कला शाखेची. तेव्हा क्रेडिटचा प्रश्न निघण्याआधीच दार बंद होते. बाबांना मी एवढेच सांगितले की, “बाबा, नाही येणार.” ते म्हणाले, “मंग बँक कशाला म्हनतात?”

मावसभावाची बाजू माझ्याहून बरी होती, आणि म्हणूनच तो फसला. त्या गृहस्थाने सांगितले ते पुरते खोटे नव्हते, अर्धे खरे होते. बी.एस्सी. झालेल्यांना इंजिनिअरिंगच्या थेट द्वितीय वर्षात प्रवेश देण्याची तरतूद आहे. पण ती बी.एस्सी. पदवी पूर्ण केलेल्यांना, बारावीला गणित असलेल्यांना आणि खुल्या प्रवर्गात किमान ४५ टक्के, राखीव प्रवर्गात ४० टक्के गुण असलेल्यांना आहे. त्यांनाही इंजिनिअरिंग ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स हे पहिल्या वर्षाचे दोन विषय दुसऱ्या वर्षाबरोबर सोडवावे लागतात. बी.एस्सी.चे एक वर्ष करून तिकडे उडी मारण्याची सोय नाही. ज्याचे एकच वर्ष झाले आहे त्याने पुन्हा सीईटी देऊन पहिल्या वर्षापासून आरंभ करावयाचा, हाच सरळ मार्ग. तेथे गेल्यावर एखाद्या समान विषयाची सूट मागता येईल. पण ती देणे न देणे त्या विद्यापीठाच्या हाती.

इथे दोन शब्दांतला फरक लक्षात घेणे अगत्याचे आहे, ‘जमा’ आणि ‘सूट’. इकडचे क्रेडिट तिकडच्या खात्यात मोजले गेले तर ती जमा. तिकडे जे शिकावयाचे होते ते तुम्ही अन्यत्र शिकून आला आहात असे मानून त्या सत्रांना बसण्याची गरजच ठेवली नाही, तर ती सूट. आपल्याकडे इंजिनिअरिंगमध्ये खऱ्या अर्थाने चालते ती सूट. आणि ती बँक निघण्यापूर्वीपासून, कितीतरी वर्षे, चालत आली आहे.

मी म्हणते आहे तो डिप्लोमाचा मार्ग. दहावीनंतर पॉलिटेक्निक, म्हणजेच तंत्रनिकेतन. तीन वर्षांचा, सहा सत्रांचा अभ्यासक्रम. परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची. प्रवेश दहावीच्या गुणांवर, किमान ३५ टक्के, सीईटी नाही. डिप्लोमा ४५ टक्क्यांनी (राखीव प्रवर्गासाठी ४० टक्क्यांनी) पार पडला की त्याच गुणांवर गुणवत्ता यादी लागते आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. येथेही सीईटी नाही. अशा विद्यार्थ्याला पदवीची पहिली दोन सत्रे माफ असतात आणि त्याचा पदवीचा हिशेब तिसऱ्या सत्रापासून धरतात. म्हणजे दहावीनंतर तीन अधिक तीन, सहा वर्षे. अकरावी-बारावी करून सीईटीने गेलेल्यालाही दोन अधिक चार, सहाच वर्षे लागतात. फरक असा की, डिप्लोमावाल्याच्या हाती तिसऱ्या वर्षाअखेर एक स्वतंत्र लायकी आलेली असते. घरची ओढाताण झाली तर तो तेथे थांबून नोकरी धरू शकतो. बारावी होऊन थांबलेल्याच्या हाती काय असते, ते आमच्या गावातल्या मुलांना विचारावे.

याच्याही खाली एक पायरी आहे आणि आमच्या भागाला ती फार जवळची आहे. दहावीनंतर आय.टी.आय.चा दोन वर्षांचा ट्रेड, फिटर म्हणा, इलेक्ट्रिशियन म्हणा, केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. बारावी विज्ञान झालेल्यालाही तो मिळतो. तेव्हा आय.टी.आय.ची दोन वर्षे, डिप्लोमाची दोन, पदवीची तीन, अशी सात वर्षांत फिटर माणूस इंजिनिअर होऊ शकतो. खालापूर तालुक्यात १९१५ साली खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीला दुसरे झाले. तेव्हापासून शंभर वर्षे आपल्याकडे यंत्रे आहेत, नंतर पोलाद आले, पाइप आले, कागद आला. यंत्रावर हात चालणारी माणसे घरोघर आहेत. त्यांच्या मुलांना ही शिडी कोणी समजावून सांगितली असती तर, असे मला सारखे वाटते. बाबा स्वतः दहावी पास आहेत. आय.टी.आय.चा फॉर्म त्यांनी भरला नव्हता, कारण तो कोठे मिळतो हे त्यांना ठाऊक नव्हते.

ही सूट मात्र फुकट पदरात पडत नाही. पॉलिटेक्निकच्या त्या शिक्षकांनी मला सांगितले की, थेट दुसऱ्या वर्षात आलेली मुले वर्कशॉप, ड्रॉइंग, प्रात्यक्षिक यांत इतरांच्या पुढे असतात. पण ‘एम-थ्री’ म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात आपटतात. बाकीच्यांनी बारावीचे गणित आणि पहिल्या वर्षाचे एम-वन, एम-टू केलेले असतात. डिप्लोमाच्या मुलाने यातले काही डिप्लोमातच शिकलेले असते, काही मुळीच नाही, आणि एकदम लाप्लास आणि फूरिये त्याच्या अंगावर येतात. त्यातच डिप्लोमाचा निकाल, यादी, प्रवेश या घोळात तो वर्गात पोहोचतो तेव्हा सत्राचे पुष्कळ दिवस निघून गेलेले असतात. ज्या वर्षाची सूट मिळाली त्या वर्षाचे गणित डिप्लोमाच्या अखेरच्या सुट्टीत स्वतःच उरकून घ्यावे, असा त्यांचा सल्ला. सूट परीक्षेची मिळते, ज्ञानाची नाही, हे त्यांचे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे.

अमेरिकेत ज्याला कम्युनिटी कॉलेज म्हणतात तेथेही थोडेबहुत असेच असते. गावाजवळच्या स्वस्त कॉलेजात दोन वर्षे काढावयाची आणि मग ते क्रेडिट घेऊन विद्यापीठातील इंजिनिअरिंगला जावयाचे, असा तेथील गरीब मुलांचा मार्ग आहे. तेथे ती खरोखरीची ‘जमा’ असते. पण का जमते ते पाहण्यासारखे आहे. ते कॉलेज आणि ते विद्यापीठ यांच्यात आधीच लेखी ठराव झालेला असतो की, तुमच्याकडचा अमुक विषय म्हणजे आमच्याकडचा अमुक विषय. मुलगा पहिल्या दिवसापासून ती यादी पाहून विषय निवडतो. ज्याने यादी न पाहता विषय घेतले, त्याचे क्रेडिट तेथेही वाया जातात. आपल्या जिल्ह्यात लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. मुंबई विद्यापीठाची इंजिनिअरिंग महाविद्यालये आपल्या दोन्ही तालुक्यांच्या आसपास आहेत. आपल्या कला-विज्ञान महाविद्यालयांचा आणि त्यांचा असा विषयवार ठराव कधीकाळी झाला तर विज्ञान शाखेच्या मुलांना त्याचा मोठा उपयोग होईल. तूर्त मात्र गणपतीत पाहिलेल्या आकड्याच्या भरवशावर कोणी पाऊल टाकू नये.

आता बंद झालेल्या दोन वाटांबद्दल थोडे लिहिणे भाग आहे, कारण जुनी माणसे अजून त्या सांगत असतात. एक म्हणजे ‘ए.एम.आय.ई.’ कारखान्यात काम करता करता, घरी अभ्यास करून, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या १९२० साली स्थापन झालेल्या संस्थेची ही परीक्षा देऊन पूर्वी कित्येक जण इंजिनिअर झाले. परंतु केंद्र सरकारने तिला पदवीसमान मान्यता दिली आहे ती ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदविलेल्यांनाच. आज नव्याने नाव नोंदवून तो लाभ मिळणार नाही. दुसरी वाट पत्राने इंजिनिअरिंग शिकण्याची. सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात काही अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांवर बोट ठेवले. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांना पुन्हा परीक्षा द्यावी लागली, आणि त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्दच झाल्या. तेव्हा ‘घरबसल्या बी.ई.’ अशी जाहिरात भिंतीवर दिसली तर पुढे चालू लागावे. नोकरी करणाऱ्या डिप्लोमाधारकांसाठी मात्र २०२३ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने सोयीच्या वेळेत चालणारे पदवीचे वर्ग मान्य केले आहेत. कारखान्यात पाळी करणाऱ्याने आपल्या जवळपास असे वर्ग कोठे आहेत त्याची चौकशी करावी.

मग क्रेडिटची ही बँक आम्हा कलाशाखेच्या मुलींच्या काय कामाची? मला तिचा खरा उपयोग दिसला तो वेगळाच. आमच्या वर्गातील दोघींची लग्ने पहिले वर्ष संपताच झाली. पूर्वी अशी मुलगी सातारा-सोलापूरकडे गेली की तिचे कॉलेज संपले. आता तिचे ४४ क्रेडिट सात वर्षे जागच्या जागी राहतात. सासरच्या गावाजवळचे महाविद्यालय या व्यवस्थेत असेल आणि जागा असेल, तर बी.ए.चे दुसरे वर्ष तिला तेथे धरता येते. विषय तोच, पदवी तीच, तेव्हा ताळमेळही बसतो. हे त्या दोघींना मी फोन करून सांगितले. एकीने ओळखपत्राचा क्रमांक जपून ठेवला आहे. दुसरीचा फोन तिच्या सासूबाईंनी घेतला.

कलाशाखेत असूनही ज्यांना तंत्रशिक्षणाची ओढ आहे, त्यांच्यासाठी मला तीन दारे सापडली. त्यांतले पहिले ऐकून मला हसू आले आणि थोडे रडूही आले. माझे बी.ए.चे क्रेडिट इंजिनिअरिंगला निरुपयोगी आहेत, पण माझी दहावीची गुणपत्रिका नाही! डिप्लोमाच्या प्रवेशाला वयाची अट नाही. दहावीला गणित-विज्ञान होते, टक्केवारी पुरेशी आहे, तर एकोणिसाव्या वर्षीही मी पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षात बसू शकते. तीन वर्षांपूर्वी, दहावीचा निकाल हाती असताना, मी नेमकी याच जागी उभी होते. तेव्हा अकरावी विज्ञानाची शिकवणी परवडणार नाही म्हणून कला घेतली. डिप्लोमा नावाचे काही असते आणि त्याला शिकवणी लागत नाही, हे शाळेत कोणी सांगितले नाही. घरी कोणाला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसरे दार म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेमार्फत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित घेऊन बारावी पुन्हा देणे आणि मग सीईटी. हे कठीण आहे. शिकवणीवाचून एकटीने करणे फारच कठीण. तिसरे दार मात्र पाहण्यासारखे आहे. मद्रासच्या आय.आय.टी.ने २०२० साली संगणक प्रणाली-लेखन व डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम काढला. त्याला जे.ई.ई. लागत नाही. बारावी कोणत्याही शाखेची चालते. दहावीला गणित व इंग्रजी असावे लागते. चार आठवडे त्यांचे धडे घेऊन पात्रता परीक्षा द्यावयाची, त्यात उत्तीर्ण झाले की प्रवेश. पायाभूत पातळी, पदविका, तीन वर्षांची पदवी, चार वर्षांची पदवी अशा पायऱ्या आहेत आणि कोठेही थांबता येते. अभ्यास घरी, पण परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. उत्पन्न आणि प्रवर्ग पाहून शुल्कात सवलत आहे. ही बी.टेक. नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. चार वर्षांच्या पदवीला बी.एस. म्हणतात. एप्रिल २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करण्यास मुभा दिली आहे, त्यामुळे बी.ए. न सोडता हे करता येते. फार तर असे म्हणू की, आपल्या क्रेडिटच्या जोरावर नव्हे तर आपल्या बी.ए.च्या शेजारी ते चालते.

मी काय ठरविले, असे मैत्रिणी विचारतात. हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर माझ्या खात्यावर ८८ क्रेडिट झालेले असतील आणि १३२ व्हायला एकच वर्ष राहील. आता सारे टाकून सहा वर्षे पुन्हा आरंभापासून काढणे आमच्या घराला झेपणारे नाही. घरातून एका वेळी एकीचाच खर्च निघतो आणि आता पाळी धाकटीची आहे. मी बी.ए. पुरे करणार. इतिहास मला आवडू लागला आहे, हेही खरे आहे. केवळ नाइलाज म्हणून लिहीत नाही. ग्रंथालयातून नववी-दहावीची गणिताची पुस्तके मात्र आणली आहेत आणि खोपोली लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर दोन-चार उदाहरणे सोडविते.

धाकटी यंदा दहावीला आहे. तिला मोटारी उघडून पाहण्याची हौस आहे, पाण्याचा पंप बिघडला तर आई गावातल्या वायरमनऐवजी आधी तिलाच हाक मारते. तिचा डिप्लोमाचा अर्ज आम्ही निकाल लागताच भरणार आहोत, आणि तो केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच, म्हणजे ज्याला सगळे ‘कॅप’ म्हणतात त्यातून. यालाही कारण आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्णपणे माफ आहे, पण ते कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांना. व्यवस्थापन कोट्यातून अगर संस्थेच्या पातळीवर प्रवेश घेतला की ही सवलत गेली. एजंट मंडळी जी ‘हमखास जागा’ देऊ करतात ती बहुधा तीच असते. मावसभावाने हे ऐकले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. त्याने आता पुन्हा सीईटीचा अर्ज भरला आहे, आणि तो स्वतः भरला आहे.

कागद कोणते लागतात त्याची यादी मी भिंतीवर चिकटविली आहे. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँकेचे खाते. जात वैधतेला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज आधीच केला आहे. वैधतेची पावती हरवली तर पुढे अडचण होते, म्हणून ती आईने देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवली आहे. उत्पन्नाचा दाखला राहिला आहे. बाबांची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असते. येत्या मंगळवारी ते खालापूरला तहसील कचेरीत जाणार आहेत.